म्हातारपणाची चाल

मराठी घरांतील वृद्ध माणसें देवाजवळ जें शेवटचें मागणें मागतात, तें बहुधा एकच असतें : चालतांबोलतां डोळे मिटावे. धनाची वा दीर्घायुष्याची हांव त्यांत नसते. अंथरूण धरावें लागूं नये, तांब्याभर पाण्यासाठीं कोणाची वाट पाहावी लागूं नये, एवढाच त्याचा अर्थ असतो. या मागण्यांत 'चालणें' हा शब्द अगदीं आरंभीं यावा, हें विचार करण्यासारखें आहे. पाय चालतो तोंवर माणूस स्वतःचा धनी, ही जाणीव सामान्य जनांना फार पूर्वीपासून आहे. वैद्यकशास्त्राला मात्र ती जाणीव मोजमापांत बसवावयास विसावें शतक बहुतेक संपावें लागलें. एखादा वृद्ध चार पावलांच्या अंतराला किती सेकंद घेतो, या दिसण्यांत क्षुल्लक प्रश्नानें वार्धक्याच्या चिकित्सेंत मोठें स्थान मिळविलें आहे. तो प्रश्न सुचण्यापूर्वीं किती माणसें विनाकारण अंथरुणाला खिळून राहिलीं, आणि तो सुचल्यावर काय बदललें, याची हकीकत प्रत्येक घराला उपयोगी पडेल अशी आहे.

वृद्धाचें पाऊल मंदावलें म्हणजे "वय झालें" या दोन शब्दांनीं सारी चौकशी संपते. तरीहि वार्धक्याचा स्वतंत्र विचार करावा, ही कल्पना भारतीयांना नवी नव्हे. वाग्भटानें आयुर्वेदाचीं जीं आठ अंगें सांगितलीं, त्यांत 'जरा' हें एक वेगळें अंग गणलें आहे. गंमतीची गोष्ट अशी कीं, पाश्चात्य वैद्यकानें या विषयाला जें नांव दिलें, त्याच्या पोटींहि हाच शब्द आहे. व्हिएन्ना येथें जन्मलेले व न्यूयॉर्कमध्यें वैद्यकी करणारे डॉ. इग्नाट्झ नॅशर यांनीं १९०९ सालीं एका लेखांत 'जेरियाट्रिक्स' हा शब्द प्रथम योजिला. ग्रीक भाषेंत वार्धक्याला 'गेरास' म्हणतात. तो शब्द आणि संस्कृतांतील 'जरा' हे एकाच मुळाचे. बालकांच्या रोगांना जसें स्वतंत्र शास्त्र आहे, तसें वृद्धांच्या रोगांनाहि असावें, अशी नॅशर यांची मागणी होती. १९१४ सालीं त्यांनीं या विषयावर ग्रंथहि लिहिला. परंतु शास्त्राला नांव मिळालें म्हणून शास्त्र उभें राहिलें असें होत नाहीं.

चालण्याचा अभ्यास तोंवर कोणी केलाच नव्हता, असेंहि नाहीं. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं कंपवातावर जो छोटासा निबंध लिहिला, त्यांत सहा रुग्णांची हकीकत आहे. त्यांतील कांहींना तर त्यांनीं केवळ रस्त्यांत जातां-येतां पाहिलें होतें. पुढें झुकलेलें अंग आणि आपोआप धांवूं लागणारीं लहान लहान पावलें यांवरून रोग ओळखतां येतो, हें त्यांच्या नजरेनें टिपलें. जर्मनींत वेबर बंधूंनीं १८३६ सालीं चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. फ्रान्समध्यें एत्येन-ज्यूल मारे यांनीं १८८० नंतरच्या दशकांत चालत्या माणसाच्या क्रमाक्रमाच्या स्थिति छायाचित्रांत पकडल्या. परंतु या संशोधकांपुढें चालणारा माणूस बहुधा तरुण आणि निरोगी होता. उलट पॅरिसच्या साल्पेत्रिएर या प्रचंड आश्रयगृहांत शेंकडों निर्धन वृद्धा होत्या, आणि डॉ. शार्को यांनीं तेथील अनुभवावरून वृद्धांच्या रोगांवर दिलेलीं व्याख्यानें १८६७ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांचें लक्ष रोगावर होतें. एकीकडे चालीचें मोजमाप होत होतें, दुसरीकडे वार्धक्याची चिकित्सा होत होती; या दोन प्रवाहांची भेट मात्र होत नव्हती.

ती भेट घडण्यास कारण झाली एक अंधारी जागा. इंग्लंडमध्यें १८३४ च्या गरिबांविषयींच्या कायद्यानंतर गांवोगांव 'वर्कहाउस' उभीं राहिलीं. निराधारांना अन्न आणि छप्पर मिळावें, पण तेथें राहण्याचा मोह कोणालाहि होऊं नये, अशा बेतानें तीं चालविलीं जात. त्यांना जोडलेल्या रुग्णशाळांतून कालांतरानें वृद्ध, पंगु आणि जुनाट रोगी सांठत गेले. तेथें एकदां खाट मिळाली म्हणजे ती बहुधा मरेपर्यंतची. पुढें १९२९ च्या कायद्यानें या संस्था स्थानिक सरकारांकडे आल्या, आणि १९३५ सालीं लंडनच्या पश्चिमेस आयझल्वर्थ येथील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयानें शेजारची अशी एक रुग्णशाळा आपल्यांत सामावून घेतली. तेथील शेंकडों रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्यावर येऊन पडली. वॉरनबाईंचें वय त्या वेळीं चाळिशीच्या आंत होतें.

त्यांना दिसलें तें असें : म्हातारे आणि तरुण, शहाणे आणि भ्रमिष्ट, बरे होण्याजोगे आणि न होण्याजोगे, सारे एकाच दालनांत शेजारीं शेजारीं पडून होते. पुष्कळांच्या रोगाचें नीट निदानच झालेलें नव्हतें. वॉरनबाईंनीं केलेली पहिली गोष्ट अगदीं साधी होती. त्यांनीं प्रत्येक रुग्णाला तपासलें. उठून हिंडूं शकणारे कोण, अंथरुणाला खिळलेले पण मलमूत्रावर ताबा असलेले कोण, तो ताबा गेलेले कोण, मनानें भ्रमलेले पण शांत कोण, आणि इतरांना उपद्रव होईल असे कोण, अशी त्यांची विभागणी केली. मग भिंतींना उजळ रंग आला, दालनांत उजेड आला. ज्यांना उठवितां येईल त्यांना उठवून बसविण्यांत आलें. बसूं लागलेल्यांना उभें करण्यांत आलें. उभे राहूं लागलेल्यांना आधार देऊन चालविण्यांत आलें. अर्धांगानें एक बाजू लुळी पडलेले आणि पाय कापलेले रुग्णहि त्यांनीं यांतून वगळले नाहींत. वर्षानुवर्षें पाठ टेकून राहिलेल्यांपैकीं कित्येक पुन्हां चालूं लागले, आणि त्यांतले कांहीं आपल्या घरीं परतले.

हा अनुभव वॉरनबाईंनीं १९४३ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें आणि १९४६ सालीं 'लॅन्सेट'मध्यें मांडला. जुनाट रोगाच्या वृद्धांसाठीं सामान्य रुग्णालयांतच स्वतंत्र विभाग असावा, हा त्यांचा आग्रह होता. परंतु त्यांच्या कामाचा खरा अर्थ त्याहून खोल होता. हीं माणसें आजारी आहेत म्हणून खाटेवर आहेत, असें सगळे धरून चालले होते. पुष्कळांच्या बाबतींत कार्य आणि कारण यांची उलटापालट झाली होती. खाट हेंच त्यांचें दुखणें होऊन बसलें होतें.

याच सुमारास लंडनमधील दुसरे एक डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनीं १९४७ सालीं एक मार्मिक लेख लिहून अंथरुणावर पडून राहण्याचे धोके एकामागून एक सांगितले : फुप्फुसांत कफ सांचतो, पायांतील शिरांत रक्त गोठतें, स्नायु वाळतात, हाडांतील चुना झिरपून जातो, बद्धकोष्ठ होतो, आणि शेवटीं उठण्याची इच्छाच मरते. विश्रांति ही निरुपद्रवी वस्तु आहे, ही समजूत त्यांनीं मोडून काढली. तिचा पडताळा पुढें १९६६ सालीं अमेरिकेंतील डॅलस येथें मिळाला. वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यांत आलें, आणि त्यांच्या शरीराची श्रम करण्याची शक्ति किती उतरते तें मोजण्यांत आलें. तीस वर्षांनीं, ते पन्नाशीला पोंचल्यावर, त्याच पांच जणांची पुन्हां तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयोमानानें त्यांच्या शक्तीची जेवढी हानि केली होती, त्याहून अधिक हानि तारुण्यांतील त्या तीन आठवड्यांनीं केली होती. विशींतल्या पोरांची ही गत, तर ऐंशींतल्या आजीला "पडून राहा" म्हणून सांगतांना काय घडतें, याचा अंदाज करण्यास फार बुद्धि लागत नाहीं.

वॉरनबाईंनीं वृद्धांना उठविलें. पण कोणाला किती उठवितां येईल, कोण घसरणीला लागला आहे, हें सांगणारें माप अद्याप नव्हतें. तसें पहिलें प्रसिद्ध माप अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील डॉ. सिडने कॅट्झ आणि त्यांचे सहकारी यांनीं १९६३ सालीं दिलें. त्यांनीं रोगांचीं नांवें बाजूला ठेवून सहा साध्या गोष्टी विचारल्या : अंघोळ, कपडे घालणें, शौचास जाणें, अंथरुणावरून खुर्चीवर येणें, मलमूत्राचा ताबा आणि स्वतःच्या हातानें जेवणें. या शक्ति जातांना बहुधा ठराविक क्रमानें जातात, आणि तो क्रम मूल त्या शिकतें त्याच्या उलट असतो, असें त्यांना आढळलें. हें माप फार उपयोगी ठरलें. परंतु त्यांत एक उणीव होती. घर पडल्यावर तें पडलें असें सांगणारी ती मोजणी होती. भिंतीला गेलेली पहिली बारीक चीर तींत दिसत नसे.

ती चीर पाहण्याची दृष्टि पायांकडे वळली ती बर्मिंगहॅमला. तेथील वार्धक्य-वैद्यकाचे प्राध्यापक बर्नार्ड आयझॅक्स हे म्हातारपणाच्या चार राक्षसांविषयीं बोलत असत : हालचाल खुंटणें, तोल जाणें, मलमूत्राचा ताबा सुटणें आणि बुद्धि भ्रमणें. यांपैकीं पहिले दोन थेट चालण्याशीं बांधलेले आहेत. आयझॅक्स आणि त्यांचे सहकारी मथायस व नायक यांनीं १९८६ सालीं एक चांचणी प्रसिद्ध केली. रुग्णानें खुर्चीवरून उठावें, क्षणभर उभें राहावें, थोडें चालून जावें, वळावें, परत यावें आणि बसावें, आणि पाहणारानें एकापासून पांचपर्यंत गुण द्यावे. हा प्रकार नैसर्गिक होता, परंतु एका पाहणाराला जें ठीक वाटे तें दुसऱ्याला डळमळीत वाटे. १९९१ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रिऑल येथें डायेन पोड्सियाड्लो आणि सॅन्ड्रा रिचर्डसन या दोघींनीं त्यावर साधा तोडगा काढला. त्यांनीं हातांत घड्याळ घेतलें. तीन मीटर जाऊन परत येऊन बसण्यास दहा सेकंदांहून कमी लागले तर माणूस मोकळेपणीं हिंडूं शकतो; तीस सेकंदांहून अधिक लागले तर त्याला नित्याच्या कामांत दुसऱ्याचा हात लागतो. मताच्या जागीं सेकंद आले, आणि आजचा माणूस सहा महिन्यांपूर्वींच्या स्वतःशींच ताडून पाहण्याची सोय झाली.

रुग्णालयांत जें जमलें, तें गांवांतल्या वस्तींत जमेल काय, हा पुढचा प्रश्न होता. कारण घसरणीची सुरुवात घरींच होते. अमेरिकेंत १९७४ सालीं वार्धक्याच्या अभ्यासासाठीं एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. तिनें चालविलेल्या एका मोठ्या पाहणींत ईस्ट बॉस्टन, आयोवा आणि न्यू हेवन येथील ७१ वर्षांवरील पांच हजारांहून अधिक वृद्धांच्या घरीं जाऊन तीन गोष्टी मोजण्यांत आल्या. पाय जवळ ठेवून व एकापुढें एक ठेवून तोल सांभाळणें, आठ फूट अंतर नेहमींच्या गतीनें चालणें, आणि हात छातीशीं बांधून खुर्चीवरून पांच वेळां उठणें. प्रत्येकीला चार गुण, एकूण बारा. चालणें दोनदां मोजावयाचें आणि त्यांतला चांगला आंकडा धरावयाचा. डॉ. जॅक गुराल्निक आणि सहकारी यांनीं १९९४ सालीं ही पद्धति प्रसिद्ध केली, आणि १९९५ सालीं तिचा खरा कस दाखविला. त्यांनीं ज्यांना कोणतेंहि अपंगत्व नव्हतें अशा ११२२ वृद्धांचा चार वर्षें मागोवा घेतला. ज्यांना आरंभीं चार ते सहा गुण होते, त्यांना अपंगत्व येण्याचा संभव दहा ते बारा गुण असलेल्यांच्या मानानें चौपटीहून अधिक ठरला. आरंभीं हीं सारीं माणसें "ठीक आहे" असेंच म्हणत होतीं. त्यांच्या तोंडानें जें सांगितलें नाहीं, तें त्यांच्या पायांनीं सांगितलें.

पायांना हें कसें कळावें? चालणें हें दिसतें तितकें साधें काम नव्हे. हृदयानें रक्त लोटावें, फुप्फुसांनीं श्वास पुरवावा, स्नायूंनीं शरीर पेलावें, सांध्यांनीं वळावें, डोळ्यांनीं वाट पाहावी, कानांतील सूक्ष्म यंत्रानें तोल राखावा, तळपायांतील मज्जातंतूंनीं जमिनीची खबर द्यावी, आणि मेंदूनें या साऱ्यांचा मेळ घालावा, तेव्हां कोठें एक पाऊल पडतें. यांपैकीं कोणींहि थोडी कुचराई केली तरी शरीर प्रथम वेग कमी करून निभावून नेतें. म्हणून वेग हा एका अवयवाचा साक्षीदार नसून साऱ्या कुटुंबाचा जमाखर्च आहे.

यांतील मेंदूचा वांटा स्वीडनमधील ऊमिओ येथील संशोधकांनीं १९९७ सालीं मोठ्या चातुर्यानें उघड केला. वृद्धाश्रयांत राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालतां चालतां त्यांनीं गप्पा सुरू केल्या. बारा जण बोलण्यासाठीं थांबले. चालणें आणि बोलणें दोन्ही त्यांना एका वेळीं साधेना. पुढील सहा महिन्यांत त्या बारांपैकीं दहा जण पडले. चालतांबोलतां राहणें या मराठी वाक्प्रचारानें ज्या दोन शक्तींना एकत्र गुंफलें आहे, त्यांची एकत्र परीक्षा उत्तर ध्रुवाकडील एका गांवीं अशी झाली.

आतांपर्यंत 'जर्जर' हा शब्द वैद्य आणि घरचीं माणसें सैलपणें वापरीत असत. त्याला निश्चित व्याख्या देण्याचा प्रयत्न डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं केला. अमेरिकेंतील चार ठिकाणच्या ६५ वर्षांवरील ५३१७ माणसांच्या माहितीवरून त्यांनीं पांच लक्षणें ठरविलीं : वर्षभरांत नकळत दहा पौंडांहून अधिक वजन घटणें, सदैव थकवा वाटणें, मुठीची पकड ढिली होणें, चाल मंदावणें आणि एकंदर हालचाल कमी होणें. यांतलीं तीन वा अधिक असलीं तर माणूस जर्जर. एक किंवा दोन असलीं तर त्या वाटेवर. चालीसाठीं पंधरा फुटांचें अंतर घेतलें, आणि उंच व ठेंगणे, पुरुष व स्त्रिया यांना वेगवेगळी मर्यादा लावली. ती सहा ते सात सेकंदांच्या आसपास होती. या मापानें सुमारें सात टक्के लोक जर्जर ठरले. त्यांत एक महत्त्वाचा विवेकहि होता. जर्जरता म्हणजे रोग नव्हे आणि अपंगत्वहि नव्हे. जर्जर म्हणजे ज्याची शिल्लक संपत आली आहे असा माणूस. एरवीं त्याचें बरें चाललेलें असतें; पण एखादा ताप, एखादें पडणें, एखादी शस्त्रक्रिया आली कीं, ज्या धक्क्यांतून दुसरा आठ दिवसांत सावरतो, त्यांतून हा सावरत नाहीं.

सर्वांना ही व्याख्या मान्य झाली नाहीं. कॅनडांतील हॅलिफॅक्स येथील डॉ. केनेथ रॉकवुड यांच्या मतें जर्जरता ही उणिवांची बेरीज आहे. रोग, लक्षणें, दृष्टि, श्रवण, स्मरण, कामें, अशा अनेक बाबींपैकीं किती बिघडल्या तें मोजावें, आणि एकंदर बाबींशीं त्यांचें प्रमाण काढावें. पुढें २००५ सालीं त्यांनीं रुग्णाकडे पाहून ठरवितां येईल असा सात पायऱ्यांचा एक सोपा मापदंडहि दिला. वाद मिटला नाहीं. पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती कीं, जन्मतारीख ही माणसाच्या वार्धक्याची विश्वासू साक्ष नव्हे. सत्तरीचा एक जण जर्जर असतो आणि नव्वदीचा दुसरा तगडा असतो.

या साऱ्यावर कळस चढविणारा निबंध २०११ सालीं प्रसिद्ध झाला. डॉ. स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकारी यांनीं नऊ निरनिराळ्या पाहण्यांतील ६५ वर्षांवरील ३४,४८५ लोकांची माहिती एकत्र केली. वय, स्त्री कीं पुरुष, आणि चालण्याचा वेग, एवढ्या तीनच गोष्टींवरून पुढील आयुष्याचा जो अंदाज येतो, तो रोगांची यादी, रक्तदाब, वजन, धूम्रपान यांचा हिशेब करून येणाऱ्या अंदाजाच्या तोडीचा असतो, असें त्यांना आढळलें. सेकंदाला दशांश आठ मीटर, म्हणजे चार मीटरला पांच सेकंद, हा वेग त्या त्या वयाच्या सरासरी आयुर्मानाच्या जवळपास पडतो. सेकंदाला एक मीटर किंवा त्याहून अधिक वेग असणारांचें आयुष्य त्याहून लांब दिसतें. नाडी, ताप, श्वास आणि रक्तदाब यांच्या जोडीला चालण्याचा वेगहि प्रत्येक वृद्धाच्या तपासणींत नोंदावा, असें कांहीं तज्ज्ञ म्हणूं लागले.

येथेंच सावध राहावयास हवें. आंकडा हा सूचना देतो. निकाल देत नाहीं. गुडघा दुखरा असला, चप्पल सैल असली, मोतीबिंदु पिकला असला किंवा फरशी निसरडी असली, तरी वेग उतरतो, आणि यांपैकीं प्रत्येकाला इलाज आहे. शिवाय एका देशाचा गज दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लागू पडत नाहीं. आशियांतील तज्ज्ञांच्या एका मंडळानें स्नायुक्षयासाठीं २०१४ सालीं सेकंदाला दशांश आठ मीटरची मर्यादा धरली होती. २०१९ सालीं ती एक मीटरवर नेली. भारतांतहि हें मोजमाप सुरू झालें आहे, आणि त्याचें केंद्र मुंबईंत आहे. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें २०१७-१८ मध्यें पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक भारतीयांची जी पाहणी केली, तींत प्रश्नांबरोबर मुठीची पकड, तोल आणि वृद्धांची चाल यांचीहि नोंद झाली. भारतीय म्हातारपणाचें भारतीय माप ठरविण्यास आवश्यक असा पाया त्यामुळें घातला गेला.

मोजमापाचा बोध केवळ वैद्यांसाठीं नाहीं. तो शहर बांधणारांसाठींहि आहे. रस्ता ओलांडण्याचे दिवे किती वेळ हिरवे ठेवावे, हें ठरवितांना इंग्लंडमध्यें पादचारी सेकंदाला एक पूर्णांक दोन दशांश मीटर चालतो असें गृहीत धरलें जात असे. तेथील वृद्धांची चाल प्रत्यक्ष मोजली, तेव्हां बहुसंख्य त्या वेगाला पोंचत नव्हते. अशा वेळीं दोष त्या आजोबांच्या पायांत आहे कीं दिव्याच्या घड्याळांत, हा प्रश्न ज्यानें त्यानें मनाशीं विचारावा.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न उरतोच. मंदावलेली चाल पुन्हां सुधारते काय? न सुधारती, तर हें सारें मोजणें म्हणजे केवळ मरणाचा जोशीपणा झाला असता. याचें उत्तर बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमांत मिळालें. १९९० सालीं डॉ. मारिया फियातरोने यांनीं सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम दिला. व्यायाम पुरा करणारांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढली. १९९४ सालीं त्यांनीं हाच प्रयोग सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जर्जर वृद्धांवर दहा आठवडे केला. व्यायाम करणारांच्या चालीचा वेग सुमारें बारा टक्क्यांनीं वाढला. न करणारांचा किंचित् घटला. ज्यांना नुसता पौष्टिक आहार जादा दिला, त्यांच्यांत मात्र फरक पडला नाहीं. म्हाताऱ्या माणसाला तूप, सुकामेवा आणि शक्तिवर्धक औषध दिलें कीं आपलें कर्तव्य संपलें, असें मानणाऱ्या घरांनीं हा निष्कर्ष दोनदां वाचावा.

पुढें २०१४ सालीं ७० ते ८९ वर्षांच्या १६३५ अशक्त वृद्धांवरील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला. अर्ध्यांना नियमित चालणें व व्यायाम आणि अर्ध्यांना केवळ आरोग्याविषयीं व्याख्यानें मिळालीं. सुमारें अडीच वर्षांच्या काळांत चारशें मीटर चालण्याची शक्ति गमावणारे व्याख्यानांच्या गटांत शेंकडा साडेपस्तीस, तर व्यायामाच्या गटांत शेंकडा तीस होते. फरक जादूसारखा नाहीं. पण ज्या कोणाच्या वांट्याला तो आला, त्याच्यासाठीं तो दाराबाहेरचें जग आणि चार भिंती यांमधला फरक होता.

या दीर्घ इतिहासाचें सार घरगुती भाषेंत सांगावयाचें तर तें असें होईल. वृद्धांविषयींचें प्रेम बहुतेक घरांत त्यांना उठूं न देण्यानें व्यक्त होतें. "तुम्ही बसा, मी आणतें" या वाक्यांत आदर आहे, जिव्हाळा आहे, आणि नकळत वर्कहाउसमधील खाटहि आहे. ज्याला उठतां येतें, त्याला उठूं द्यावें. ज्याला अडखळतें, त्याला वैद्याचा सल्ला घेऊन, भिंतीला पकडदांडा लावून, उजेड वाढवून, शेजारीं उभें राहून उठूं द्यावें. खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां पांच वेळां उठण्यास चौदा सेकंदांहून अधिक लागले, तर अधिक तपासणी करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे. त्यासाठीं एक खुर्ची आणि एक घड्याळ पुरतें. आंकडा वाईट आला तर तो रडण्यासाठीं नसून वेळेवर उपाय सुरू करण्यासाठीं असतो.

मार्जरी वॉरन १९६० सालीं वारल्या. पुढच्या काळांतील घड्याळें, गुण आणि व्याख्या त्यांनीं पाहिल्या नाहींत. पण त्या साऱ्यांच्या मुळाशीं त्यांचाच प्रश्न आहे : हा माणूस खरोखर उठूं शकत नाहीं, कीं त्याला कोणी उठविलेंच नाहीं? घरांतील वडीलधारें माणूस दिवाणखान्यांतून अंगणापर्यंत पूर्वींपेक्षां हळू जाऊं लागलें, तर "वय झालें" म्हणून मान वळविण्यापूर्वीं हा प्रश्न एकदां विचारून पाहावा. चालतांबोलतां डोळे मिटावे हें मागणें देवाच्या हातीं असेल. परंतु डोळे मिटेपर्यंत चालतांबोलतां ठेवणें, हें पुष्कळ अंशीं माणसांच्या हातीं आहे.